कच्चा दात आणि जंतुनाशकांची शंभर वर्षे

दुधाचे दात पडून समोरचे दोन मोठे दात हिरडीबाहेर डोकावू लागले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, ‘दात आला.’ वस्तुतः त्या वेळी दात अर्धामुर्धाच आलेला असतो. वरच्या जबड्यातील समोरचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी दिसू लागतात. पण हिरडीच्या आत, हाडात, त्यांचे मूळ अजून वाढतच असते आणि ते पुरे व्हावयाला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. पुऱ्या झालेल्या मुळाचे टोक निमुळते असते व त्याच्या अग्राशी केवळ एक बारीक छिद्र राहते. कच्च्या दाताचे मूळ मात्र आखूड, टोकाशी उघडे आणि पातळ भिंतींचे असते. त्याच्या आतली पोकळी लुसलुशीत गराने भरलेली असते. बोलीत आपण या गराला दाताची नस म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. कारण गरात मज्जातंतू असतात तशा रक्तवाहिन्याही असतात, आणि त्याच्या कडेने दाताची भिंत आतून बांधीत जाणाऱ्या पेशींची रांग बसलेली असते. गर जिवंत आहे तोवर हे गवंडीकाम चालू राहते. गर मेला, की काम त्या दिवशी जिथे असेल तिथेच थांबते.

दुर्दैव असे, की मुलांच्या पडण्याझडण्याची वर्षेही नेमकी हीच. झोपाळा, सायकल, विटी, क्रिकेटचा चेंडू, कारण काही का असेना, समोरच्या दाताला मार बसतो, गराचा रक्तपुरवठा तुटतो, तुटक्या कडेतून तोंडातले जंतू आत शिरतात आणि काही आठवड्यांत हिरडीवर पुळी येऊन पू वाहू लागतो. दात काढून टाकावा म्हटले, तर मूल वाढीच्या वयाचे. जबडा पुरता वाढेपर्यंत तेथे हाडात कृत्रिम दात रोवता येत नाही. दात ठेवावा म्हटले, तर आत जंतूंनी घर केलेले. मोठ्या माणसाच्या दातात वैद्य कानशीसारखी बारीक हत्यारे घालून भिंती खरवडून काढतो. या मुलाच्या दाताच्या भिंती आधीच पातळ. त्या खरवडल्या तर उरेल काय? तेव्हा जे काही करावयाचे ते द्रवाने आणि औषधानेच करावयाचे. ते द्रव किती तीव्र असावे, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाचा इतिहास वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजले आहे. प्रश्न क्षुल्लक नाही, हे ओघात दिसेलच.

दाताच्या आत जंतू असतात ही गोष्ट सप्रमाण पुढे आणण्याचा मान विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याकडे जातो. हा गृहस्थ बर्लिनमध्ये स्थायिक झाला होता आणि रॉबर्ट कॉखच्या जंतुशास्त्राचे संस्कार त्याच्यावर झाले होते. मनुष्याच्या तोंडातील जंतूंवरचा त्याचा इंग्रजी ग्रंथ १८९० साली निघाला, आणि १८९४ मध्ये त्याने रोगट गरातील जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. शत्रू कोण हे एकदा कळल्यावर शस्त्रे शोधण्याची घाई होणे स्वाभाविक होते. लिस्टरच्या कार्बोलिक ॲसिडाचा दबदबा तेव्हा ताजा होता. ब्राउनश्वाइगच्या ओटो वॉल्कहॉफने १८९१ मध्ये कापूर घातलेले क्लोरोफेनॉल मुळात घालण्याची प्रथा पाडली. (याच वॉल्कहॉफने १८९६ साली, क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन थोडेच दिवस झाले असताना, पंचवीस मिनिटे निश्चल राहून स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. हाडातले मूळ डोळ्यांनी पाहण्याची सोय तेव्हापासून झाली, आणि पुढे सांगावयाच्या सगळ्या हकिकतीचा साक्षीदार तो क्ष-किरणच आहे.) अमेरिकेत बकलीने १९०४ च्या सुमारास फॉर्मेलिन आणि क्रेसॉल यांचे मिश्रण पुढे आणले. दवाखान्यात पाऊल टाकताच नाकात भरणारा तो उग्र वास पुढे दोन पिढ्यांनी दंतवैद्याचाच वास मानला. औषध जितके जळजळीत तितके गुणकारी, अशी एक समजूत सगळीकडेच असते. ती रोग्यांची असते तशी वैद्यांचीही असते.

त्यात १९१० साल उजाडले. विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले आणि कुजक्या मुळांवर सोन्याचे टोप व पूल चढविण्याच्या तत्कालीन धंद्यावर कडक कोरडे ओढले. त्याचा रोख अशा बांधकामांवर होता. परंतु बोलणारा एक बोलतो आणि जग दुसरेच ऐकते. शरीरातल्या साऱ्या दुखण्यांचे मूळ दाताच्या मुळाशी आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला आणि पुढची वीस-तीस वर्षे संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशाकशासाठी लोकांचे दात उपटले गेले. मेलेला दात ठेवू पाहणाऱ्या मूठभर वैद्यांना तेव्हा आपला दात पूर्ण निर्जंतुक आहे, हे सिद्ध करून दाखविण्यावाचून गत्यंतर नव्हते. जंतूंचा समूळ संहार हे ध्येय त्यांच्या मनात एवढे खोल रुजले, त्याचे एक कारण हे आहे. त्यांना तो अब्रूचा प्रश्न झाला होता.

आता आम्हांला थोडा वेळ दंतवैद्याची खुर्ची सोडून रणांगणावर जावे लागत आहे. कारण ज्या द्रवाने आज मुलाचा दात धुतात, तो तेथून आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधली खतावलेली शेते, चिखल आणि तोफगोळ्यांचे तुकडे यांनी झालेल्या जखमा हमखास सडत. शल्यवैद्य लिस्टरचा वारसा सांगत त्यात कार्बोलिक ओतीत. तरी जखमा सडतच. बूलोन बंदरात एका कॅसिनोत थाटलेल्या प्रयोगशाळेत ऑल्म्रोथ राइट आणि त्याचा तरुण सहकारी अलेक्झांडर फ्लेमिंग हे कोडे सोडवीत होते. पेनिसिलिनचा शोध तेव्हा अद्याप तेरा-चौदा वर्षे दूर होता. फ्लेमिंगने एक साधी युक्ती केली. काचेची नळी तापवून तिला आतून पोकळ अशी अणकुचीदार टोके काढली आणि वाकड्यातिकड्या जखमेची एक काचेची प्रतिकृती बनविली. तीत जंतू वाढवून वरून जंतुनाशक भरले व ओतून टाकले. मधला भाग स्वच्छ होई. टोकांच्या कोपऱ्यांत दडलेले जंतू मात्र शाबूत राहत आणि पुन्हा वाढत. दुसरी गोष्ट त्याने दाखविली ती अधिक महत्त्वाची होती. ही औषधे जखमेत जमलेल्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या सैनिकांना, जंतूंच्याही आधी मारीत. १९१९ च्या आपल्या हंटेरियन व्याख्यानात त्याने हे सारे विस्ताराने मांडले.

फ्लेमिंगची काचेची जखम ही दाताच्या मुळाचीच हुबेहूब प्रतिमा आहे, असे आम्हांला वाटते. दाताच्या भिंतीत गरापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या अगणित असतात. लहान वयात त्या अधिक रुंद असतात आणि जंतू त्यांत शिरून बसतात. मधला मोठा मार्ग धुवून निघतो, नळ्या राहतात.

त्याच युद्धात कॉम्पिएन्य येथे एका हॉटेलात उघडलेल्या इस्पितळात वेगळा प्रयत्न चालू होता. नोबेल पारितोषिक मिळविलेला शल्यवैद्य ॲलेक्सिस कॅरेल आणि इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन ही ती जोडी. डेकिनने दोनशेहून अधिक पदार्थ तपासले आणि अखेर जुन्याच ओळखीच्या एका द्रवापाशी तो आला. तो द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपण कपडे पांढरे करावयाला वापरतो ते ब्लीच. पॅरिसच्या लाबाराकने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच दुर्गंधी घालविण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला होता. व्हिएन्नाच्या झेमेलवाइसने १८४७ मध्ये प्रसूतिगृहातील वैद्यांना हात धुवावयाला लावले, तेही क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानेच. डेकिनची करामत द्रव शोधण्यात नव्हती. त्याची मात्रा ठरविण्यात होती. जुन्या द्रवातला दाहक अल्कलीपणा त्याने बोरिक ॲसिड घालून मोडला आणि तीव्रता शेकडा अर्ध्यावर, म्हणजे ०.५ टक्क्यांवर आणून ठेवली. याहून तीव्र झाले तर मांस भाजते, याहून फार सौम्य झाले तर जंतू मरत नाहीत. हे द्रव मेलेल्या मांसाला विरघळवते, आणि सेंद्रिय द्रव्याशी गाठ पडताच थोड्याच वेळात स्वतः संपून जाते. म्हणून कॅरेलने जखमेत रबरी नळ्या बसवून दर दोन तासांनी नवे द्रव सोडण्याची पद्धत घातली. जखमेतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ते पुरेसे उतरल्यावरच तो जखम शिवून बंद करी.

मात्रा आणि वारंवारता या दोन गोष्टी कॅरेल-डेकिन पद्धतीचा आत्मा होत्या. दंतवैद्यांनी यांतले द्रव उचलले आणि मात्रा मागे ठेवली.

१९२० च्या सुमारास मुळे धुण्यासाठी डेकिनच्या द्रवाचा उल्लेख अमेरिकन दंतवैद्यकात येऊ लागला. १९३६ मध्ये वॉकरने आणि १९४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या लुई ग्रॉसमनने जे क्लोरीनयुक्त सोडा-द्रव सुचविले ते शेकडा पाचाच्या घरातले, म्हणजे डेकिनच्या दसपट होते. यात अविचार नव्हता. ग्रॉसमनला मेलेला गर विरघळवावयाचा होता आणि त्या कामी तीव्र द्रव खरोखरच सरस ठरते. शिवाय प्रौढ माणसाचा दात म्हणजे जवळजवळ बंद डबी. आत काय ओतले याची बाहेरच्या मांसाला फारशी झळ पोचत नाही. जिथे राखावयाचे काही नाही तिथे मारताना हात आखडता कशाला घ्यावयाचा? प्रौढ दातापुरते हे तर्कशास्त्र बिनचूक होते आणि आजही बरेचसे बिनचूक आहे. घोटाळा झाला तो मुलाच्या दाताला तेच लावल्यामुळे. मुलाचा दात ही बंद डबी नव्हे. तिचा तळ उघडा आहे.

या उघड्या तळातून आत काही येऊ शकेल काय, हा प्रश्न प्रथम ज्याने नीट विचारला त्याचे नाव निगार्ड-ओस्टबी. ओस्लोचा हा प्राध्यापक विलक्षण कल्पक होता. १९६१ मध्ये त्याने आपला सिद्धान्त मांडला : मूळ साफ करून हत्यार मुद्दाम टोकापलीकडे न्यावे, रक्त आत येऊ द्यावे आणि त्या रक्ताच्या गुठळीला काय करावयाचे ते करू द्यावे. हाडाची मोड जशी गुठळीपासून सांधते, तसे काही येथे होते का, हे त्याने काही काळानंतर दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुठळीच्या जागी काही अंतरापर्यंत जिवंत धागेदार ऊतक वाढलेले दिसले. परंतु १९७१ साली ह्योर्टडालबरोबर त्याने जे फलित प्रसिद्ध केले त्यात एक मोठी मेख होती. गर जिवंत असताना काढलेल्या बहुतेक दातांत हे भरून येणे झाले. गर आधीच मेलेल्या दातांत झाले नाही. रक्त तेच, गुठळी तीच. मग वाण कशाची होती?

उत्तर अमेरिकेतून त्याआधीच येऊन पडलेले होते; फक्त दोन्ही गोष्टी कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांचे दात कोरून गर उघडा पाडला. काही उंदीर नेहमीचे होते. काही जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढविलेले. नेहमीच्या उंदरांचा गर सडून गेला. जंतुविरहित उंदरांच्या उघड्या गरात अन्नाचे कण जाऊन बसले, तरी तो जगला आणि जखमेवर दाताचाच नवा पडदा चढला. इतका स्वच्छ, इतका निर्विवाद प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात क्वचित सापडतो. ऊतकात बरे होण्याची शक्ती आहेच. तिच्या आड येतात ते जंतू. यातला पहिला अर्धा भाग बाजूला राहिला आणि दुसराच घोकला गेला, असे आमचे मत आहे.

तोवर कच्च्या दातांसाठी एक दुसराच उपाय रूढ झाला होता, आणि तो आपल्याला परका नाही. कळीचा चुना पाण्यात विरविला म्हणजे जे तयार होते तेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानवाल्याच्या डबीत असते ते. जर्मनीच्या हेर्मानने १९२० मध्ये ते दंतवैद्यकात आणले. १९६४ मध्ये कायझरने आणि १९६६ मध्ये ॲल्फ्रेड फ्रँकने असे दाखविले, की हा चुना मुळात भरून महिनोन्‌महिने ठेवला व अधूनमधून बदलला, तर उघड्या टोकाशी कठीण पदार्थाची भिंत उभी राहते. तळ मिटला, की मग नेहमीप्रमाणे भरण करता येते. चुना अत्यंत अल्कलीधर्मी, त्यामुळे जंतू मरतात. आणि विरघळतो सावकाश, त्यामुळे बाहेरच्या ऊतकाला फार इजा करीत नाही. पुढची तीस वर्षे जगभर हजारो मुलांचे दात या मार्गाने राखले गेले. त्या वैद्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे सांगितले पाहिजे.

पुढचे सांगितले ते स्टॉकहोमच्या मिओमिर त्स्वेकने. मार बसून मेलेल्या आणि चुन्याने उपचार केलेल्या ८८५ पुढच्या दातांचा हिशेब त्याने १९९२ साली मांडला. पू गेला होता, हाड भरून आले होते. क्ष-किरणाच्या चित्रात सारे आलबेल होते. परंतु दात मानेशी मोडत होते. ज्यांचे मूळ सर्वांत कच्चे असताना वाढ थांबली, त्यांतले शेकडा ७७ मोडले. मूळ बरेच वाढलेले होते त्या कच्च्या दातांतही शेकडा २८. मूळ पुरे झालेल्या दातांत हे प्रमाण शेकडा २ होते. तळ मिटला होता, पण भिंती आठव्या वर्षी होत्या तेवढ्याच पातळ राहिल्या होत्या. पुढे २००२ मध्ये डेन्मार्कच्या अँड्रियासेन व सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या दातांत चुना भरून दाखविले, की वर्षभरात दाताची ताकद सुमारे निम्म्यावर येते. रोग बरा झाला आणि रोगी दगावला, अशातलीच ही गत. जंतूंचा निकाल लावणे पुरेसे नाही, भिंत वाढली पाहिजे, हे या आकड्यांनी अगदी निष्ठुरपणे सांगितले. आणि भिंत वाढावयाची तर आत जिवंत काहीतरी हवे.

ते होऊ शकते याचा एक पुरावा अपघातानेच हाती होता. मुलाचा दात मुळासकट निखळून पडला आणि तो पुन्हा जागी बसविला, तर उघड्या टोकातून कधी कधी रक्तवाहिन्या आत शिरतात, गराला पुन्हा जीव येतो आणि मूळ वाढू लागते. १९८६ मध्ये क्लिंग, त्स्वेक आणि मेयारे यांनी पाहिलेल्या अशा कच्च्या दातांत हे शेकडा १८ जणांत घडले होते. पण त्या दातांत जंतूंनी ठाण मांडलेले नव्हते. पू वाहणारा दात असा जिवंत होईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

ती किल्ली जपानातून आली. नीगाता विद्यापीठात होशिनो आणि त्यांचे सहकारी जंतुग्रस्त मुळाच्या भिंतीवर प्रयोग करीत होते. मुळातली वस्ती एका जातीच्या जंतूची नसते, म्हणून एक औषध पुरे पडत नाही. १९९६ मध्ये त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लीन ही तीन प्रतिजैविके एकत्र करून दाखविली, आणि त्या त्रयीपुढे त्यांच्या नमुन्यांतील जंतू टिकले नाहीत. यासाठी त्यांना जी मात्रा लागली ती मायक्रोग्रॅमांत मोजण्याइतकी अल्प होती. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी.

२००१ साली इवाया, इकावा आणि कुबोता या जपानी दंतवैद्यांनी एका तेरा वर्षांच्या रुग्णाची हकिकत छापली. खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ, मूळ कच्चे, गर मेलेला, टोकाशी रोग पसरलेला. त्यांनी भिंती खरवडल्या नाहीत. द्रवाने धुतले, प्रतिजैविके ठेवली आणि नंतर मूळ चक्क रिकामे सोडले. पाच महिन्यांनी टोक मिटू लागल्याचे दिसले. तीस महिन्यांनी भिंत जाड झाली होती आणि टोक पूर्ण मिटले होते. २००४ मध्ये अमेरिकेत बँक्स आणि ट्रोप यांनी अकरा वर्षांच्या मुलाच्या तशाच दाढेवर हाच मार्ग पद्धतशीर केला : भरपूर हायपोक्लोराइट, मग तीन औषधांचा लेप, सुमारे साडेतीन आठवड्यांनी लेप धुवून निगार्ड-ओस्टबीप्रमाणे टोकापलीकडे टोचून रक्त आत आणावयाचे, गुठळी होऊ द्यावयाची आणि वर घट्ट झाकण. दोन वर्षांनी मूळ वाढलेले होते. चाळीस वर्षे अडून राहिलेली गुठळी चालू लागली, कारण या वेळी घर आधी साफ केलेले होते. विंडली व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर दाखविले, की नुसत्या धुण्याने दहांतला एकच दात जंतुमुक्त होतो. लेपानंतर दहांतले सात होतात.

उत्साहाची लाट आली, आणि उत्साहाच्या भरात नेहमी होते तेच झाले. नीगाताच्या प्रयोगात औषध मायक्रोग्रॅमांत होते. दवाखान्यात तेच औषध पुडीतून काढून खलात घोटून लोण्यासारखे घट्ट भरले जाऊ लागले. हिशेब केला तर मिलिलिटरला हजार मिलिग्रॅमांच्या आसपास. मिनोसायक्लीन कॅल्शियमला चिकटते, त्यामुळे कित्येक मुलांचे समोरचे दात करडे पडले, हे तर आरशातच दिसत होते. पण खरे नुकसान आरशात दिसणारे नव्हते.

तोवर एक नवी माहिती हाती आली होती. २००६ ते २००८ च्या सुमारास सोनोयामा, शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या मुळाच्या टोकाशी असलेल्या मऊ उंचवट्यात मूलपेशी, म्हणजे हव्या त्या ऊतकाच्या पेशी घडविण्याची क्षमता राखून असलेल्या पेशी, असल्याचे सांगितले. टोकाशी टोचल्यावर येणारे रक्त नुसते रक्त नसते. त्याबरोबर या पेशीही मोठ्या संख्येने आत येतात, हे टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या संशोधकांनी २०११ मध्ये रुग्णांच्या मुळातूनच नमुने घेऊन दाखविले. मग एक साधा प्रश्न आपोआप पुढे आला : ज्या घरात या पाहुण्यांना बोलवावयाचे, तेथे आपण काय शिंपडून ठेवतो आहोत? त्याच शहरात रुपारेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर दवाखान्यातली औषधे घातली. घट्ट लेपाच्या मात्रेत पेशी मेल्या. मात्रा शेकडो पटींनी उतरविली तेव्हा त्या जगल्या. आणि चुना? ज्या चुन्याने भिंत ठिसूळ होते म्हणून त्याला निरोप दिला होता, त्याने या पेशींना इजा केली नाही. धुण्याच्या द्रवांचीही अशीच झडती घेतली गेली. क्लोरहेक्झिडीन जंतूंना उत्तम मारते, परंतु त्याने धुतलेल्या भिंतीवर मूलपेशी टिकत नाहीत. सहा टक्के हायपोक्लोराइट पेशींना बाधते, दीड टक्का झाल्यास बाधा पुष्कळ कमी. आणि शेवटी ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या द्रवाने धुतले, तर राहिलेला दोषही बराचसा जातो. इतकेच नव्हे, तर दात घडताना भिंतीत कोंडून पडलेली वाढीची द्रव्ये त्यामुळे मोकळी होतात. योगायोग पाहा : ईडीटीए दंतवैद्यकात आणणारा माणूस तोच निगार्ड-ओस्टबी, साल १९५७. गुठळी आणि हे द्रव ही दोन्ही त्याचीच; परंतु दोहोंचा असा संबंध जुळेल, हे त्यालाही दिसले नसेल.

दीड टक्का म्हणजे डेकिनच्या अर्ध्या टक्क्याच्या बरेच जवळ आले. दीड टक्क्याचे द्रव मुळामागे वीस मिलिलिटर, पाच मिनिटे सावकाश सोडावयाचे, अशी अमेरिकन मूळचिकित्सकांच्या संघटनेची शिफारस आहे. मुळाची पोकळी थेंब-दोन थेंबांची. तीत वीस मिलिलिटर म्हणजे कॅरेलच्या दर दोन तासांच्या नळीचेच लहान रूप. तीव्रता उतरवावयाची आणि द्रव पुनःपुन्हा ताजे द्यावयाचे. सुईचे टोक मुळाच्या टोकाच्या अलीकडे ठेवावयाचे, कारण उघड्या तळातून हे द्रव बाहेर गेले तर असह्य वेदना आणि सूज येते. नंतर चुना, किंवा प्रतिजैविके द्यावयाचीच तर मिलिलिटरला १ ते ५ मिलिग्रॅमांपुरती. युरोपीय संघटनेने २०१६ मध्ये सरळ चुन्याचाच कौल दिला. दोन-चार आठवड्यांनी मूल परत येते, ईडीटीएने धुवून रक्त आणतात. त्या दिवशी बधिर करण्याच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य नसावे, हेही आता ठरून गेले आहे. नाहीतर रक्तच येत नाही.

येथे एक इशारा दिला पाहिजे. सौम्यतेचेही वेड लागू शकते. व्हर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या दातांवर जे पाहिले त्यात मागे उरलेले जंतू आणि मुळाची वाढ यांचे वाकडे असल्याचे स्पष्ट दिसते. जंतू उरले तितकी वाढ खुंटली. मोठ्या माणसाच्या दातात थोडे जंतू राहिले तर ते भरणाखाली गाडले जाऊन निभावते, असे पुष्कळ दाखले आहेत. येथे भरण नाही, कोवळे ऊतक आहे; त्याला जंतूंशेजारी संसार करावयाला लावणे हा अन्याय होय. म्हणून मात्रा उतरविण्याचा अर्थ ढिलाई असा कोणी घेऊ नये.

आणि आत वाढते ते तरी काय? या उपचाराला ‘पुनर्जनन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. वांग व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कुत्र्यांच्या दातांचे काप पाहिले, तेव्हा भिंतीवर चढलेला थर दाताचा नव्हता. तो मुळाच्या बाहेर असतो तशा सिमेंटमचा होता, मध्ये कोठे हाडासारखी बेटे होती. माणसांच्या दातांतही पुढे बहुतेक तसेच आढळले. ज्या दातांत खरा गर दिसला, तेथे टोकाशी थोडा गर मुळातच जिवंत राहिला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. भिंत जाड झाली हे खरे. ती पूर्वीच्याच गवंड्यांनी बांधली, असे म्हणणे खरे नाही. नावापुरता आमचा आक्षेप आहे, कामाबद्दल नाही.

शास्त्रज्ञांनीही आपल्या अपेक्षा आता क्रमवार लावून ठेवल्या आहेत. दुखणे जावे आणि हाड भरून यावे, ही पहिली. भिंत जाड व मूळ लांब व्हावे, ही दुसरी, इष्ट परंतु हमखास नसलेली. आणि दाताला पुन्हा संवेदना यावी, ही तिसरी. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, चोवीस महिन्यांनी मूल खुर्चीत बसते, क्ष-किरणाचे चित्र निघते आणि वैद्य थंडगार केलेला कापसाचा बोळा दाताला लावून पाहतो. बऱ्याच दातांतून काहीच उत्तर येत नाही. काही मुले मात्र बोळा लागताच मान मागे घेतात.